एसडीआयमधून आयपीकडे: टीव्हीतले तंत्रज्ञ घरी अभ्यास कसा करतात?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या एका वाहिनीच्या एमसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रम जिथून प्रसारित होतात त्या मुख्य नियंत्रण कक्षात, मी २२ वर्षं आहे. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वय ४६. नोकरीला लागलो तेव्हा ट्रॉलीवरून कॅसेटी यायच्या. मग सर्व्हर आले, फाइली आल्या, एचडी आलं, पण केबल मात्र तीच राहिली. केबलच्या टोकाची बीएनसी लावली की चित्र आलं, काढली की गेलं. एका केबलमधून एक चित्र, हेच एसडीआय. फॉल्ट शोधायचा म्हणजे एका टोकापासून केबल धरून चालत सुटायचं. आता आमचा नवा मजला एसएमपीटीई २११० वर, म्हणजे चित्र-आवाज आयपी नेटवर्कवरून नेण्याच्या मानकावर, उभा राहतोय. चित्र, आवाज आणि बाकीचा डेटा वेगवेगळ्या मल्टिकास्ट प्रवाहांत (एकाने सोडायचं, मागेल त्या प्रत्येकाला मिळायचं), आणि सगळं नेटवर्क स्विचमधून. धरून चालायला केबलच उरली नाही.

ट्रेनिंग दोन दिवसांचं झालं. स्लाइड भराभर गेल्या आणि वहीत नुसती आद्याक्षरं उतरली. पुढचे दोन महिने मी लोकलमध्ये व्हिडिओ पाहिले. अंबरनाथहून बसायला जागा मिळते, सव्वा तास हातात असतो. पाहताना सगळं समजायचं. पण शिफ्टला पोचल्यावर कोणी काही विचारलं असतं तर एक वाक्य धड सांगता आलं नसतं. म्हणून पद्धत बदलली, आणि त्यानंतर जे घडलं ते लिहायला हा धागा काढलाय.

लॅमिंग्टन रोडवरून आठ पोर्टांचा जुना मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आणला. घरात दोन जुने लॅपटॉप होते, एकावर लिनक्स चढवलं. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने एका लॅपटॉपवरून कलर बारचा (रंगपट्ट्यांच्या चाचणी-चित्राचा) मल्टिकास्ट सोडला आणि दुसऱ्यावर व्हीएलसीत उघडला. चित्र आलं, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, नेट गेलं!" तिचा ऑनलाइन क्लास चालू होता. मल्टिकास्ट कुणाला हवाय हे स्विचला ठाऊक नसेल तर तो सगळ्या पोर्टांवर ओततो. माझा वायफाय राउटरही त्याच स्विचवर होता. वायफाय असा प्रवाह सगळ्यांना पोचावा म्हणून मुद्दाम संथ वेगाने पाठवतं, त्यामुळे घरातली हवाच भरून गेली.

मग स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणत्या पोर्टाला कोणता प्रवाह हवाय ते ऐकून ठेवायची सोय, चालू केलं. नेट सुधारलं, चित्रही चालू राहिलं. चहा टाकून परत आलो तर चित्र थांबलेलं. व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडलं की चालू, थोड्या वेळाने पुन्हा बंद. शेवटी घड्याळ लावून तीनदा मोजलं. दर वेळी ४ मिनिटं २० सेकंद.

हा आकडा कुठून येतो ते शोधायला मला दोन रात्री लागल्या. नेटवर्कवर कुणीतरी दर १२५ सेकंदांनी "हा प्रवाह अजून कोणाला हवाय का?" असं विचारत राहावं लागतं. त्याला क्वेरिअर म्हणतात. दोन फेऱ्या आणि वर १० सेकंद एवढ्या वेळात विचारणाच झाली नाही, तर स्विच नोंद पुसून टाकतो. १२५ दुणे २५० आणि १०, म्हणजे २६० सेकंद. माझ्या घरच्या नेटवर्कमध्ये विचारणारंच कुणी नव्हतं. ट्रेनिंगच्या स्लाइडवर हा शब्द होता, माझ्या वहीतही होता. पण तो मला समजला तो त्या थांबलेल्या कलर बारपाशी.

तेव्हापासून एकच नियम ठेवलाय. एका वेळी एक फॉल्ट घ्यायचा. तो घरी मुद्दाम घडवायचा, दुरुस्त करायचा, आणि वहीत आपल्या शब्दांत लिहायचा.

आता प्रश्न. पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवण्याचा प्रकार, मला अजून नीट उमगलेला नाही. या वयात सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा करण्यात अर्थ आहे का? आणि फिरत्या पाळीत तुम्ही लोक अभ्यासाला वेळ कसा काढता?

पॅकेटवाला

दादा, वाचनखूण साठवली. मी उलट्या बाजूने आलोय. कॉलेजात संगणक, मग चार वर्षं डेटा सेंटर, आणि आता एका न्यूज चॅनेलचं नेटवर्क सांभाळतो.

सीसीएनएबद्दल: अभ्यासक्रम पुरा करा, परीक्षेचं नंतर बघा. व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क), सबनेट, राउटिंग एवढा भाग पक्का झाला की तुमची अर्धी भीती जाईल. एनपीटीईएलवर संगणक-जाळ्यांचे अभ्यासक्रम फुकट आहेत. पण तिथे मल्टिकास्टला फार जागा मिळत नाही, आणि आपलं तर सगळं त्यावरच चालतं. तो भाग तुम्ही करताय तसाच हाताने करावा लागतो.

घरी करून बघायला एक फॉल्ट सुचवतो. एक प्रवाह २३९.१.१.१ वर सोडा आणि दुसरा २३९.१२९.१.१ वर. आकडे वेगळे दिसतात, पण आयपी पत्त्याचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून वाटप करतो त्या पत्त्यात) उतरतात, त्यामुळे दोघांचा मॅक पत्ता एकच होतो. फक्त मॅक बघून वाटप करणारा स्वस्त स्विच असेल तर एक मागणाऱ्याला दोन्ही मिळतात. पत्त्यांचा तक्ता आखताना हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढे फार शोधाशोध होते.

मला चित्रातलं काही कळत नव्हतं, हेही सांगतो. पहिल्या महिन्यात एका फीडमध्ये धावणाऱ्या माणसाच्या कडा थरथरत होत्या. मी पॅकेट तपासत बसलो, एकही पॅकेट गहाळ नव्हतं. आमच्या पीसीआरमधल्या (कार्यक्रम नियंत्रण कक्षातल्या) सिनिअर सरांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "फील्ड ऑर्डर उलटी आहे." म्हणजे फ्रेमचे दोन अर्धे भाग उलट्या क्रमाने येत होते. त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं मी त्यांच्याकडून वेव्हफॉर्म मॉनिटर (चित्राच्या सिग्नलचा आलेख) वाचायला शिकलो आणि ते माझ्याकडून वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर. माझा सर्वात चांगला कोर्स तोच.

वरळी_निवृत्त

रात्रपाळी, तुम्ही पीटीपीविषयी विचारलंत म्हणून लिहितो. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, २११० वर काम केलेलं नाही. पण नातवाच्या लॅपटॉपवर हौसेने वाचत असतो, आणि वाचताना मला ते फार ओळखीचं वाटलं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मी त्यानंतर बऱ्याच उशिरा वरळीला आलो, तरी काळ पाल या जुन्या ॲनालॉग रंगीत प्रणालीचाच होता. ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा आणि प्रत्येक रेषा ६४ मायक्रोसेकंदांची. स्टुडिओतल्या सगळ्या कॅमेऱ्यांना ब्लॅक बर्स्ट (वेळ जुळवायचा संदर्भ सिग्नल) एकाच सिंक जनरेटरकडून जायचा. तरीही स्विचरवर (कॅमेरे निवडायच्या यंत्रावर) रंग जुळायचे नाहीत, कारण केबलची लांबी. सहाक्षीय केबलमध्ये सिग्नलला एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. पालच्या रंगवाहकाची वारंवारता ४.४३ मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याचं एक आवर्तन सुमारे २२५ नॅनोसेकंदांचं. आता गणित करा: केबल एक मीटर जास्त झाली की रंगाची फेज आठ अंशांनी सरकली. म्हणून आम्ही केबल मापून कापायचो आणि उरलेली फेज व्हेक्टरस्कोपवर बघून जुळवायचो.

पीटीपीमध्ये सिंक जनरेटरच्या जागी ग्रँडमास्टर घड्याळ आहे. ते वेळ सांगतं. ऐकणारं यंत्र उलट संदेश पाठवून विचारतं, "माझा निरोप तुला कधी मिळाला?" चार वेळांच्या नोंदी झाल्या की मधल्या वाटेला किती वेळ लागला हे यंत्र स्वतःच काढतं. आम्ही जे टेप लावून मोजायचो तेच ते संदेशांनी मोजतं. फक्त एक गृहीत आहे, जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. दोन वाटांत फरक पडला तर त्या फरकाच्या निम्मी चूक घड्याळात शिरते. म्हणून मधले स्विच पीटीपी समजणारे लागतात.

तुम्ही जेनलॉक, म्हणजे सगळी यंत्रं एका सिंकला बांधणं, केलंय ना? मग पीटीपी तुम्हाला परकं नाही. तरुण मंडळींना इथे कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागते, तुम्हाला नाही.

तीन_शिफ्ट

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट खटकते आणि ती बोलायलाच हवी.

नवी यंत्रणा कंपनीला हवी आहे, त्यातून खर्च कंपनीचा वाचणार आहे. मग शिकायचं आम्ही का, तेही आमच्या झोपेतून आणि आमच्या पैशांनी? मी नऊ तासांची शिफ्ट आणि साडेतीन तासांचा प्रवास करतो. घरी आई आजारी आहे. "स्वतः शिका" हे वाक्य ऐकलं की मला त्यात "नाही शिकलात तर जबाबदारी तुमची" असं ऐकू येतं. आमच्याकडे दोन जुन्या सहकाऱ्यांना "आयपी येत नाही" म्हणून बाजूला बसवलं. त्यांना शिकवण्याचा विचार कुणीच केला नव्हता.

साताऱ्याचा_ओबी

तीन_शिफ्ट, तुमचं म्हणणं पटतं. पण आम्ही फ्रीलान्स लोक मागणार कुणाकडे? आम्हाला शिकवणारी कंपनीच नाही.

माझा अनुभव एसआरटीचा, म्हणजे इंटरनेटवरून थेट चित्र पाठवण्याच्या पद्धतीचा. पूर्वी तालुक्याच्या मैदानावरून सामना दाखवायचा तर उपग्रहाला सिग्नल पाठवणारी डीएसएनजी व्हॅन लागायची. आता आयोजक म्हणतात इंटरनेटवरून पाठवा. एसआरटी २०१७ साली मुक्त स्रोत झालं, ओबीएस या फुकट सॉफ्टवेअरमध्येही आहे, म्हणजे शिकायला खर्च शून्य. मी घरून पुण्यातल्या मित्राच्या घरी फीड पाठवायचो, दोन्हीकडे मोबाइलचं नेट. चित्र सारखं फुटायचं. कारण मी लेटन्सी (चित्र मुद्दाम किती उशिरा दाखवायचं तो वेळ) होती तशीच, १२० मिलिसेकंदांवर ठेवली होती. हरवलेलं पॅकेट परत मागवून ते यायला वेळ तर मिळाला पाहिजे! पिंग (पॅकेटला जाऊन यायला लागणारा वेळ) ९० मिलिसेकंदांची असेल तर १२० मध्ये जेमतेम एकच प्रयत्न होतो. ढोबळ हिशेब पिंगच्या चौपट, म्हणजे ३६० च्या पुढे. मी मोबाइलवर ५०० च्या खाली जात नाही.

घरचं नेट चांगलं असेल तर ते मुद्दाम बिघडवायचं. लिनक्सवर टीसी नेटएम नावाची सोय आहे, तिला "१०० पैकी ३ पॅकेट टाकून दे, ८० मिलिसेकंद उशीर कर" असं सांगता येतं. पावसाळ्यात बाहेर फीड फार वेळ चालू नसतं, तेव्हा मी दोन महिने हेच केलं. दिवाळीनंतर मैदानात उतरलो तेव्हा फीड तुटण्याआधी आकड्यांवरून कळायला लागलं होतं की आता तुटणार.

अक्षरजुळणी

मी ग्राफिक्स ऑपरेटर. इथे सगळे नेटवर्कवर बोलताहेत, आमच्याकडचाही एक बदल सांगते.

न्यूजरूममध्ये वर्षानुवर्षं मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. वार्ताहराचा मजकूर एका कोडमध्ये, ग्राफिक्स मशीनचा फॉन्ट दुसऱ्यात, मध्ये कन्व्हर्टर. ॲस्टन बँडवर (पडद्याखालच्या मजकुराच्या पट्टीवर) "दुसऱ्या"चा रफार पुढच्या अक्षरावर चढायचा, मग ऑन एअर जायच्या आधी मी हाताने दुरुस्त करायचे. पुढे आमचे टेम्पलेट एचटीएमएलवर गेले. मला जावास्क्रिप्टचा ज सुद्धा येत नव्हता.

मी कॅस्पर सीजी घरच्या पीसीवर बसवलं. स्वीडनच्या सार्वजनिक टीव्हीने बनवलेलं आणि मुक्त केलेलं हे प्लेआउट सॉफ्टवेअर आहे. पहिला टेम्पलेट म्हणजे नुसतं एक नाव आणि हुद्दा, सरकत येणारा. त्याला तीन आठवडे लागले. मग लक्षात आलं की आपला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा दिसतोय. फॉन्ट मराठी वळण देऊ शकत होता, पण टेम्पलेटमध्ये भाषा मराठी आहे अशी खूण करावी लागते, आणि ती कुणीच केली नव्हती. एका शब्दाची दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या टेम्पलेटमध्ये ती करून घेतली आणि संध्याकाळच्या बातमीपत्रात आपला पाकळीदार 'ल' पडद्यावर दिसला. तो पाहताना माझे डोळे भरून आले, खरंच.

वेळेचं विचाराल तर मुलगा लहान आहे, रोज एक तास मला शक्य नाही. मी आठवड्यातून एक सकाळ ठरवली आहे. त्या दिवशी नवरा मुलाला सांभाळतो. नवा विषय घेत नाही, मागच्या आठवड्यात अडलेली एकच गोष्ट घेते.

सांगली_हेडएंड

सर्वांना नमस्कार. मी केबल हेडएंडवर, म्हणजे उपग्रहाचे चॅनेल घेऊन केबलवर सोडतात तिथे असतो, तुमच्यासारखा स्टुडिओत नाही.

५जीचे टॉवर उभे राहिल्यावर आमच्या सी-बँड डिशवरचे काही चॅनेल फ्रीज व्हायला लागले. आधी केबल बदलली, मग एलएनबी (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) बदलली. मीटरवर सिग्नल तर भरपूर! आपल्याकडे ५जी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झवर आहे आणि उपग्रहाचे चॅनेल ३७०० ते ४२०० वर. जुन्या रुंद एलएनबीत टॉवरचा जोरदार सिग्नलही शिरतो आणि तिचं डोकंच भरून जातं. उपग्रहाचा सिग्नल ३६,००० किलोमीटरवरून येतो, टॉवर दोन गल्ल्या सोडून.

हे डोळ्यांनी बघायचं होतं, पण स्पेक्ट्रम ॲनालायझर घेण्याची ऐपत नाही. यूएसबीला लावायचा साधा एसडीआर डाँगल (संगणकावर रेडिओ सिग्नल दाखवणारा) आणला. एलएनबी ५१५० मधून आलेली वारंवारता वजा करते, म्हणून ३७०० चा चॅनेल १४५० वर दिसतो आणि ३६०० चं ५जी १५५० वर. म्हणजे चित्र उलटं असतं, ५जी उजवीकडे. डाँगल १७०० च्या थोडं वरपर्यंत बघू शकतो, तेवढं पुरलं. १४५० च्या पलीकडे भिंत उभी असावी तसा सिग्नल दिसला. फिल्टर लावला, भिंत खचली, चॅनेल सुरळीत.

कोणी हे करणार असाल तर एलएनबीच्या केबलवर १३-१८ व्होल्ट असतात. मध्ये डीसी ब्लॉक (ते व्होल्ट अडवणारा) लावल्याशिवाय डाँगल जोडू नका. माझा पहिला असाच गेला.

कार्डिफ_रोड

मी पुण्याचा, गेली काही वर्षं ब्रिटनमध्ये फ्रीलान्स. बीबीसीचं कार्डिफमधलं केंद्र २११० वर उभं राहिलं तेव्हा इथल्या आमच्यासारख्या जुन्या एसडीआयवाल्यांत हीच धास्ती होती. वाचायला पैसे लागतात हा गैरसमज तेवढा काढून टाका. ईबीयू या युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेचे तांत्रिक दस्तऐवज फुकट, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशी फुकट. २११० मधलं चित्राचं पॅकेट ज्यावर बेतलंय तो आरएफसी ४१७५ फुकट, एनमॉसचे (आयपीवरची यंत्रं शोधून जोडण्याच्या नियमांचे) सगळे तपशीलही खुले. ईबीयूचं लिस्ट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात वायरशार्कने पकडलेली फाइल टाकली की कोणता प्रवाह नियमात बसतो ते दाखवतं.

रात्रपाळी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. वरळीचे काका, तुमचा आठ अंशांचा हिशेब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

तीन_शिफ्ट, तुम्ही जे लिहिलंत त्यावर दोन दिवस विचार करत होतो. तुमचं बरोबर आहे. शिकवण्याची जबाबदारी कंपनीचीच, आणि माझ्या धाग्याचा उपयोग कोणी "बघा, तो घरी शिकला" असं तुम्हाला ऐकवायला केला तर मला वाईट वाटेल. मी साहेबांकडे कोर्सचे पैसे मागितले होते, ते नाही मिळाले. मग दुसरी गोष्ट मागितली: बदलून काढलेले दोन स्विच, एक कोपरा, आणि शिफ्टमधला आठवड्याला दोन तासांचा वेळ. ते मिळालं. बाजूला बसवलेल्या तुमच्या सहकाऱ्यांसाठी अशी मागणी तुम्ही आणि तिथले चार जण मिळून करू शकाल का? एकट्याने मागितलं तर टाळतात.

आणखी एक गणित, नव्यांसाठी. १०८०आय ५० चं नुसतं चित्र, १० बिट, सेकंदाला १.०४ गिगाबिट होतं. घरच्या एक गिगाबिटच्या पोर्टातून ते थोडक्यासाठी जात नाही. म्हणून निराश होऊ नका. २११० चा आवाज घ्या. दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, जेमतेम २.३ मेगाबिट. तत्त्वं तीच, घड्याळ तेच, आणि जुना लॅपटॉपही पुरतो.

रात्रपाळी (धागाकर्ता)

साडेतीन महिन्यांनी परत येतोय.

पीटीपी घरी चालवलं. दोन यंत्रांची घड्याळं जुळली, पण भिंतीवरच्या वेळेपेक्षा बरोबर ३७ सेकंद पुढे. आता मला आकडा बरोबर येऊन थांबला की आनंद होतो, कारण त्यामागे काहीतरी ठरलेलं असतं. पीटीपी आंतरराष्ट्रीय अणुवेळ धरून चालतं आणि आपली रोजची वेळ लीप सेकंदांमुळे तिच्या ३७ सेकंद मागे आहे. तो फरक यंत्राला सांगावा लागतो. एमसीआरमध्ये हे चुकलं तर जाहिरात ३७ सेकंद आधी सुटेल!

आणि नव्या मजल्यावरची गोष्ट. चाचणी चालू होती. मल्टिव्ह्यूअरवरच्या (अनेक चित्रं एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावरच्या) खिडक्या एकेक करून काळ्या व्हायला लागल्या. पुन्हा पॅच केलं की चित्र यायचं, थोड्या वेळाने जायचं. व्हेंडरची मुलं फायबर बदलत होती, मॉड्यूल बदलत होती. मी एक खिडकी पॅच केली आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. ४ मिनिटं २० सेकंदांनी ती काळी झाली. दुसरी लावली, तेवढीच. मग त्यांना म्हटलं, क्वेरिअर बघा. आदल्या रात्रीच्या बदलात तो एका व्हीलॅनवर बंद राहिला होता.

आमच्या कोपऱ्यात आता आम्ही पाच जण बसतो. त्यात दोघे पन्नाशीच्या पुढचे आहेत. गेल्या मंगळवारी त्यातल्या एकाने स्वतः वायरशार्क लावून पीटीपीचे चारही संदेश शोधून दाखवले.

तीन_शिफ्ट

वाचलं. आम्ही सहा जणांनी सह्या करून अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. तोवर जुना स्विच घ्यायचा म्हणतोय. घेताना काय बघू?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मॅनेज्ड हवा, आयजीएमपी स्नूपिंग हवं, क्वेरिअर स्वतः होता येईल असा हवा, आणि पोर्ट मिररिंग हवं, म्हणजे वायरशार्क लावता येईल. दुकानदाराला पंखा चालू करून दाखवायला सांगा, जुन्यांचे पंखे फार आवाज करतात आणि तुमच्या घरी आई आजारी आहेत. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. शनिवारी दुपारी मी लॅमिंग्टन रोडच्याच बाजूला आहे, बरोबर जाऊ.